कोचला शिव्या, जावयाला धोंडे

लग्नाला दहा वर्षं झाली, तरी माझ्या सासूबाई ठकुबाई माझ्याशी कधी समोरासमोर बोलल्या नव्हत्या. यात भांडणबिंडण काही नाही, टाकेवाडीची रीतच तशी. सासू जावयाच्या तोंडासमोर उभी राहत नाही. पदर नाकापर्यंत ओढायचा, दाराच्या आड थांबायचं आणि सासऱ्यांना सांगायचं, "आवं, जावयास्नी इचारा, भात वाढू का." सासरे सावळारामबुवा माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेले असतात. ते माझ्याकडं वळून तेच वाक्य पुन्हा म्हणतात. मी सांगतो, "थोडा." ते दाराकडं तोंड करून सांगतात, "थोडा म्हनत्यात." मग ताटात जो ढीग पडतो तो थोडा नसतो, पण तक्रार करायची कुणाकडं?

आता हीच बाई कबड्डीच्या मैदानावर बघा. टाकेवाडी गुंजवण्याच्या अलीकडं, राजगडाच्या पायाशी. चांगली खाचरं धरणात गेली, उतारावरची तेवढी राहिली, त्यांत भात लावून मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, संसार ओढला. पाण्याच्या कडेकडेनं लांब गेलेली म्हैस त्यांच्या एका हाकेला माघारी फिरते. तोच आवाज घेऊन त्या प्रत्येक सामन्याला हजर. लहानपणी गुरं राखताना पोरांच्यात कबड्डी खेळलेल्या, त्यामुळं चढाई, पकड, बोनस, सगळं कळतं. वाडीतल्या बाप्यांपेक्षा जास्त कळतं, आणि हे त्या बाप्यांना ऐकवतातसुद्धा.

अडचण एकच. संघाचा कोच म्हणजे त्यांचा जावई, म्हणजे मी. जावयासमोर आरडाओरडा कसा करायचा? मग त्यांनी तोड काढली. मी मैदानाच्या ज्या बाजूला बसतो, तिच्या बरोबर समोर, बायकांच्या घोळक्यात त्या उभ्या राहतात. मी तिकडं मान वर करून बघायचं नाही. त्या ओरडतात ते जावयाला नाही, कोचला. "आरं कोचा, डोळं हायत का गवऱ्या?" "ह्या कोचला कुनी बसवलाय रं हितं? उठवा त्येला!" आणि सामना संपवून मी घरी आलो की पदर नाकापर्यंत, दाराआडून आवाज, "आवं, जावयास्नी इचारा, पाय धुवाया ऊन पानी देऊ का." कोच वेगळा, जावई वेगळा. बायको स्नेहल म्हणते, "आई कोचला बोलते. तुम्हाला कशाला लागतं?" मलाही ही व्यवस्था बरी वाटायची. सगळा मार कोच खायचा आणि जेवायला मी बसायचो.

माझं म्हणाल तर मी सोमनाथ, राहणार किकवी, नोकरी शिरवळच्या एका कंपनीत. तरुणपणी तालुक्याच्या संघात कोपऱ्यावर खेळायचो. मग गुडघा गेला आणि शहाणपण आलं, असं मी लोकांना सांगतो. स्नेहल सांगते, गुडघा गेला आणि बडबड आली. दर शनिवार-रविवार मोटरसायकल काढायची, चेलाडी फाटा, नसरापूर, मार्गासनी करत सासरवाडी गाठायची आणि पोरांचा सराव घ्यायचा. कंपनीत गेटवरचा वॉचमन इतक्या वर्षांनी अजून माझं कार्ड मागतो. टाकेवाडीत मात्र मी शिट्टी फुंकली की दहा-बारा दांडगी पोरं पळत सुटतात. आपण कुणीतरी आहोत असं वाटायला माणसाला एखादी तरी जागा लागते. माझी ती एकच होती, आणि यंदाच्या फायनलनं तीच धोक्यात आणली.

फायनल वेल्ह्याला होती, समोर पानशेतकडचा संघ. आमचे चाहते इतके भरवशाचे की आदल्याच दिवशी मार्गासनीच्या फाट्यावर फ्लेक्स लागला, 'विजयी संघाचे हार्दिक अभिनंदन'. खेळाडूंचे फोटो लहान लहान, मधे माझा भला मोठा, गॉगल लावलेला. तो फोटो त्यांना मीच पाठवला होता. लहान वाटला तर दुसरा पाठवतो, असंही कळवलं होतं.

सामना शेवटपर्यंत घासून झाला. वेळ संपत आली तेव्हा आम्ही एका गुणानं मागं आणि शेवटची चढाई आमची. मी टाइमआउट घेतला. चढाईला कोण जाणार हे लहान लेकरालाही ठाऊक होतं. गोरख. आमचा कॅप्टन, सगळ्यात तेज चढाईपटू, माझा मेव्हणा, मामींचा एकुलता एक मुलगा. तो पाणी प्यायच्या निमित्तानं माझ्याजवळ आला आणि कानाशी म्हणाला, "दाजी, मला नगा धाडू. पाय चालंनात."

मला वाटलं, मुरगळला. खाली बघितलं तर पायाला काही झालेलं नव्हतं. तोंड मात्र पांढरंफटक पडलेलं आणि हात असे कापत होते की बाटलीतलं पाणी बनियनवर सांडत होतं. "कुनाला सांगू नगा," एवढंच म्हणाला. पोरगा भ्यायला होता. मी गेनूला पाठवला. गेनू बारीक, चपळ, त्या दिवशी दोन-तीन वेळा गुण घेऊन आलेला. तो गेला, एकाला शिवला असं वाटलं, माघारी वळला आणि त्याचा घोटा कोपऱ्यावरच्या पोरानं धरला. रेषा बोटभर राहिली. एका गुणानं मागं होतो, दोन गुणांनी हरलो.

समोरून आवाज आला, "आरं कोचा, गोरखला काय पूजेला ठेवला हुता का!"

गोरखचं मी कुणाला सांगितलं नाही. हे मी मोठ्या मनानं केलं असं कृपा करून समजू नका. स्नेहलचा भाऊ म्हणजे तिचा जीव की प्राण, त्याचं नाव काढलं असतं तर मला गोठ्यात झोपायला लागलं असतं. आणि मामींना सांगायचं तरी कसं? सासऱ्यांमार्फत? "आवं, सासूबाईस्नी सांगा, तुमचं पोरगं भ्यालं"? पण खरं तेही सांगतो. त्याचं ते पांढरं तोंड आठवलं की माझी जीभ उचलत नव्हती.

हरल्यावर दुखणं जिरवायला लोकांना एक माणूस लागतो आणि तो कोच असतो, हे सगळीकडं चालतं. पण टाकेवाडीची पंचाईत झाली. एका घरचा जावई तो अख्ख्या वाडीचा जावई. त्याला अरे-तुरे करायचं नाही, रिकामा पाठवायचा नाही, वाईट शब्द तर तोंडातून काढायचाच नाही. मग बिचाऱ्यांनी राग काढायचा कसा? त्यांनी मला मानापानानं शिव्या घालायला सुरुवात केली. हनुमंत अण्णा गाडी अडवायचे, "रामराम जावईबापू! या, बसा, चा घ्या. साखर कमी का जास्ती? गोरखला का न्हाई धाडला?" गेनूची आजी रतनबाई घोंगडी अंथरून म्हणायची, "टेका हितं. आमच्या गेनूला मारायलाच धाडला हुता का तुमी? ताकात मीठ घालू?" मी चार घरं ओलांडेपर्यंत चार चहा आणि चार फाशा झालेल्या असायच्या. पित्तानं छाती जळायची ती अपमानानं का चहानं, सांगता यायचं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मात्र जावई कुणीच नसतो. तिथं 'कोच हटाव, संघ बचाव' सुरू झालं. पहिला मेसेज हनुमंत अण्णांचाच, चहाचा कप अजून माझ्या हातात होता तेव्हाचा. मग एकेक शोध लागायला लागले. कोचनं टाइमआउट घेतलाच का? घेतला तर आधी का नाही घेतला? कोच मैदानात डावा पाय आधी टाकून आला, कुणीतरी बघितलं होतं. सगळ्यांचं एकमत झालं ते माझ्या गॉगलवर. ज्या कोचला भर उन्हात मैदान काळं दिसतं, तो खेळाडू काय निवडणार? हे वाचून मीही क्षणभर विचारात पडलो. पुढच्या रविवारी मार्गासनीवरून येताना बघतो तर फ्लेक्स जागेवर, पोरांचे फोटो जागेवर, फक्त माझा तेवढा चौकोनी कापून नेलेला. तो नंतर हनुमंत अण्णांच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर सापडला. निदान उपयोगी तरी पडलो म्हणायचं.

आणि या सगळ्यांच्या पुढं मामी. डेअरीवर दूध घालताना, देवळात, विहिरीवर, जिथं चार माणसं जमतील तिथं त्या सुरू. "कोचनं घात केला. माज्या गोरखला धाडलं आस्तं तर कप घरात आस्ता. कोचला अक्कल न्हाई." वाडी माना डोलवायची. गोरख फायनलपासून सरावाला येत नव्हता. पाठ धरलीय म्हणून माळ्यावर भिंतीकडं तोंड करून पडायचा. त्यालाही कुणी काही म्हणत नव्हतं. उलट, बिचाऱ्याला खेळू दिलं नाही, मनाला लागलं पोराच्या, असंच सगळे म्हणायचे. शनिवार-रविवारी मी शिट्टी फुंकायचो तर चारच पोरं यायची, तीही लाजतबुजत.

त्यात यंदा अधिक महिना लागला. अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण घालावं लागतं. धोंडे म्हणजे पुरण भरलेले कणकेचे गोळे, वर तुपाची धार. जावई म्हणजे त्या महिन्यात साक्षात विष्णू. वाडीचा ज्याच्यावर सगळ्यात जास्त राग, त्यालाच विष्णू करून पाटावर बसवायची वेळ मामींवर आली. मला वाटलं, बोलावणारच नाहीत. पण स्नेहलला फोन आला, "जावयास्नी घिऊन ये. रीत ती रीत."

गेलो. रांगोळी, पाट, कपाळाला कुंकू, डोक्यावर नवी टोपी, अंगात नवा शर्ट. जेवायला मी आणि सासरे. स्नेहल आत तळायला. मामी दाराआड. माळ्यावर गोरख.

"आवं, जावयास्नी म्हनावं, धोंडं आजून घ्या. आन् इचारा, त्यो कोच त्येंच्या वळखीचा हाय का?"

सासरे माझ्याकडं वळले. "धोंडं घ्या म्हनती. आन् कोच वळखीचा हाय का म्हनती."

"हाय थोडाफार," मी म्हणालो.

"थोडाफार हाय म्हनत्यात."

"मंग इचारा, फायनलला त्यो डोकं कुठं ठिवून आल्ता?"

सासऱ्यांनी विचारलं. मी घास गिळला. "कोच म्हनत हुता, गेनू त्या दिशी जोरात हुता."

"जोरात हुता तर घोटा कसा घावला? तूप वाढा त्यास्नी."

घासागणिक तूप आणि तुपागणिक टोमणा असं चाललेलं असताना मंडळाचे अध्यक्ष धनाजीराव दारात आले. संध्याकाळी देवळात बैठक होती, कोच ठेवायचा का बदलायचा. मला बघून ते थबकले. विष्णूसमोर विष्णूचा विषय काढायचा कसा? मग त्यांनीही आमचीच रीत उचलली. माझ्याकडं बघून नमस्कार केला आणि भिंतीकडं बघून बोलायला लागले.

"त्या कोचचं काय करायचं, ठकुवैनी? भोरचा एक सार्थक सर म्हनून हाय, शिकल्याला, यायला तयार हाय. पन कॅप्टन तुमचा. तुमी म्हनाल तसं."

माझा हात ताटातच थांबला. मामींच्या शब्दाबाहेर वाडी नव्हती. मनात म्हटलं, बाहेर कितीही बोलल्या तरी आता मी त्यांच्या घरात, त्यांच्या पाटावर, त्यांच्या हातचं खातोय. आता तरी म्हणतील, राहू द्या, एक संधी द्या. खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात देवाचं नावही घेतलं.

दाराआडून आवाज आला, "काढा त्येला. आजच काढा."

धनाजीराव मोकळे झाले. सासरे त्यांना पोचवायला पायवाटेनं खाली गेले. मी विष्णू एकटाच पाटावर, तोंडात धोंडा, आणि तो काही केल्या खाली उतरेना. शिट्टी शर्टाच्या खिशात होती, ती उगाच चाचपली. पुढच्या शनिवारी मी काय करणार होतो? किकवीला बसून हायवेवरच्या गाड्या मोजणार होतो का?

"जावई."

मी इकडंतिकडं बघितलं. निरोप पोचवायला कुणीच नव्हतं.

"तुमालाच बोलतीय."

मामी दाराच्या बाहेर आल्या होत्या, हातात तुपाचं भांडं, पदर डोक्यावर पण तोंड उघडं. दहा वर्षांत मी त्यांचा चेहरा असा कधी बघितलाच नव्हता. गोरखचे डोळे त्यांचेच आहेत हे मला तेव्हा कळलं.

"गोरख भ्याला हुता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्या समूरनं बगितलं. बाटली धराया येत नव्हती त्येला. पोटचं पोर हाय, मला न्हाई कळायचं?"

माझा घास एकदाचा उतरला. "मंग मामी, इतकं दिस तुमी कोचला..."

"तर काय करू? गावाला हारल्यावर कुनीतरी लागतंय. तुमच्यावर न्हाई घातलं तर ते त्येच्यावर जाईल. भित्रा म्हनलं की जलमभर भित्रा. त्येला हितंच ऱ्हायाचंय, ह्याच पोरांत, ह्याच रानात. तुमी जावई. तुमाला किती बोलत्याल? बोलत्याल आन् वर चा पाजत्याल."

मला राग आला, अगदी डोक्यात गेला. एवढे दिवस चहाबरोबर गिळलेलं सगळं वर आलं. "माजा संघ गेला, मामी," मी म्हणालो. आवाज फाटला, आवरला नाही. "शनिवार-रविवार सोडलं तर हाय काय माज्याकडं दुसरं?"

"ठावं हाय. म्हनून तर रीत मोडून म्होरं आले." त्यांनी भांडं खाली ठेवलं. "एका वाक्यात सगळ्यांची त्वांडं बंद करता आली आस्ती तुमाला. न्हाई केली. म्या रोज वाट बगायची, आज बोलतील, उद्या बोलतील. न्हाई बोललात." त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझे तर वाहतच होते, तुपाच्या वाफेचं निमित्तही उरलं नव्हतं. "आजून थोडं दिस खाता का शिव्या? त्यो उठंस्तवर?"

मोठमोठे कोच अशा वेळी काहीतरी छान बोलतात. मी नाक शर्टाच्या बाहीला पुसलं, तोही नवा शर्ट, आणि म्हणालो, "खातो. पन चा कमी करा म्हनावं, पित्त लई झालंय."

वर माळ्यावर फळ्या करकरल्या. गोरख शिडीवरून उतरला. त्यानं सगळं ऐकलं होतं, तोंडच सांगत होतं. आईकडं बघायचं त्यानं टाळलं, माझ्याकडं बघितलं. "दाजी, खळ्यात यिता का? एक चढाई करून बगतो."

"आरं, आत्ता? पोटात धोंडं हायत माज्या."

"आत्ताच या. मागनं मला हुयाचं न्हाई."

घरामागच्या खळ्यात त्यानं टाचेनं मधली रेघ ओढली. मी पलीकडं उभा, कपाळाला कुंकू, डोक्याला टोपी, पोट नगाऱ्यासारखं. तो रेघेपाशी आला आणि थांबला. पुन्हा तेच पांढरं तोंड, तेच कापणारे हात. मला एकही शिकवण आठवेना. म्हणालो, "गोरख, भ्याचं आसंल तर भी. पन ये."

तो आला. "कबड्डी कबड्डी" आधी तोंडातल्या तोंडात, मग जरा मोठ्यानं. डावीकडं झुकला, उजवीकडून पाय टाकला. मी नुसता बघत राहिलो, कारण बरं वाटत होतं बघायला.

"आवं जावई!" मागच्या दारातून आवाज फुटला, म्हैस फिरवणारा आवाज. "घोटा धरा की घोटा! बगत काय ऱ्हायलाय, आंगात जीव हाय का न्हाई तुमच्या!"

तेवढ्यात सासरे पायवाट चढून आले. काय चाललंय हे न बघताच सवयीनं माझ्याकडं वळून म्हणाले, "आंगात जीव हाय का न्हाई म्हनती."

मी झेप टाकली. घोटा दोन्ही हातांनी धरला, पूर्वी धरायचो तसा. गुडघ्यानं आरोळी ठोकली, टोपी उडाली, शर्ट बगलेत फाटला. गोरखनं मला तसंच फरफटत नेलं, श्वास न सोडता, खळ्याच्या मातीतून, आणि रेघेवर हात टेकवला. मी मातीत पालथा पडलेला, हसू आवरत नव्हतं आणि धोंडे जागेवर नव्हते. मामी दारातून ओरडतच होत्या, त्यांचं अर्धं मला आणि अर्धं त्याला होतं. स्नेहल झारा हातात घेऊनच बाहेर पळत आली.

गोरखनं मला हात दिला. त्याचा हात घामेजलेला होता, अजून थोडा कापत होता.

"उठा दाजी," तो म्हणाला. "पुन्ना येतो."